निशाणावरचे रंग

हारूनच्या नातीला बघायला मी पोलादपूरहून महाडला गेलो. त्याची मुलगी हुमेरा बाळंतपणाला माहेरी आली होती. हारून आणि मी नौदलात एकाच हेलिकॉप्टरचे मेकॅनिक. दोन म्हातारे मेकॅनिक भेटले, की बाळ राहतं बाजूला आणि मशीनचंच कौतुक सुरू होतं.

मशीन होतंच तसं. एकाच दांड्यावर दोन पंखे, एक वर, एक खाली, एकमेकांच्या उलट फिरणारे. एकानं मशीनला गरकन वळवायचं म्हटलं तर दुसरा ते होऊ देत नसे, म्हणून शेपटीला पंखा लागायचाच नाही. हारूनच्या बायकोचं, शरिफाभाभींचं मत, आमच्या घरातही असंच चालतं.

सगळी पाती एका पातळीत फिरतात का, हे बघायची आमची रीत आज सांगितली तर लोक वेड्यात काढतील. मी प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू घासायचो. पंखे वेगात आले की हारून काठीवर ताणलेलं कापडी निशाण हळूच टोकांना भिडवायचा. कापडावर रंगांचे ठिपके उमटायचे. ज्याचा ठिपका वर, ते पातं खाली आणायचं. डोक्यावर एवढं तुफान, पण हारूनचा हात भिंतीतल्या खुंटीसारखा. त्या दिवसांची मला फार आठवण येते.

बोलता बोलता भाभींनी बाळ हारूनपुढे धरलं. तो हसत मागे सरकला. म्हणाला, माझ्या हाताचा भरवसा नाय. भाभी म्हणाल्या, यांनी हुमेरालासुद्धा कधी उभ्यानं घेतलं नाही, निशाण हललं त्या दिवसापासून हे भूत बसलंय.

तो दिवस मला पाठ आहे. ठिपके बघून आम्ही पातं जुळवलं, आणि मशीन जमीन सोडताच असं हादरलं की पायलटनं लगेच खाली टेकवलं. हारून आपणहून म्हणाला, माझा हात हलला असेल. त्यानं निशाण कायमचं सोडलं. पण पाती पुसताना मला दिसलं होतं. खालच्या पंख्याच्या दोन पात्यांना मी उलटे रंग लावले होते, त्यामुळे भलतंच पातं जुळवलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी रंग नीट लावले, पण माझी बढती तोंडावर आली होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरली, ती पस्तीस वर्षं. लाज वाटते मला.

"हारून, तुझा हात हलला नव्हता," मी म्हणालो. "रंग मी उलटे लावले होते."

त्यानं एकदाच विचारलं, नक्की? मी मान हलवली.

"हुमेराला खांद्यावर घेऊन उरुसाला न्यायची होती रे मला," तो म्हणाला. "लय रडायची ती."

मग तो उभा राहिला आणि त्यानं भाभींच्या हातातून बाळ घेतलं. वयानं त्याचे हात आता खरंच थरथरत होते. तरी त्यानं तिला छातीशी धरलं. बराच वेळ तो तिच्याकडेच बघत राहिला.

"पोलादपूरची यष्टी साडेपाचला हाय," मान वर न करता तो म्हणाला. "तू निघ आता."