जड पाण्याचं व्याख्यान

नेलिदा नदीकाठच्या जड पाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाते आणि रविवारी अंगणात पोळ्या तळून विकते. हल्ली तिच्या पोळ्यांना कोणी हात लावत नव्हतं. ती कारखान्यातलं पाणी घरी आणते, त्यातच पीठ मळते, असं कोणीतरी उठवून दिलं होतं.

"सर, शाळेत मला तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "रविवारी या आणि सगळ्यांना एकदा नीट सांगा. तुमचं ऐकतील."

माझं कोणी ऐकेल असं मला कधीच वाटलेलं नाही. शाळेतसुद्धा मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवत असे. तरी गेलो.

शेजारपाजारचे लोक जमले होते, बहुतेक गंमत बघायला. ट्रकवाला रुफिनो पाय पसरून पुढेच बसला होता. मी बशीत नेलिदाच्याच हातच्या दोन एम्पनादा, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, ठेवल्या.

"ही पहिली म्हणजे साध्या हायड्रोजनचा अणू समजा. आतल्या सारणात एकच ऑलिव्ह आहे, तो प्रोटॉन. आणि बाहेर फिरतो तो इलेक्ट्रॉन…"

"ती माशी आहे, सर!" रुफिनो म्हणाला.

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि थोडा धीर आला.

"बरं, माशी तर माशी. आता या दुसरीत ऑलिव्ह आहेच, शिवाय अंड्याचा तुकडा आहे. तो न्यूट्रॉन. ऑलिव्ह एकच, म्हणून हीसुद्धा हायड्रोजनच. फक्त वजनाला जास्त. अशा अणूंना एकमेकांचे समस्थानिक म्हणतात. या वजनदार हायड्रोजनपासून झालेलं पाणी, ते जड पाणी."

"आणि ते अंडं फुटलं म्हणजे?" एउदोसियाबाईंनी विचारलं. अफवा बहुधा त्यांच्याच ओसरीवरून निघाली होती.

"काही समस्थानिक फुटतात, किरणं सोडतात. हा नाही. हा स्वस्थ बसून असतो. आपल्या नदीत तो मुळातच थोडा आहे, बाई. तुम्ही जन्मभर पीत आलात."

"म्हणून बाई इतक्या जड!" असं म्हणत रुफिनोने अंड्याची एम्पनादा उचलून तोंडात टाकली. एउदोसियाबाईंनी त्याला कोपर मारलं, पण दुसऱ्या हाताने त्यांनी एक पोळी घेतली. नेलिदाचा चेहरा उजळला.

तिने येर्बाचा, म्हणजे कडवट पाल्याच्या चहाचा, तुंबा भरला. तुंबा एक, नळी एक, आळीपाळीने सगळे पितात. पुरे झालं की आभार मानायचे, मग तुंबा तुम्हाला वगळून पुढे जातो. पहिला तिने स्वतः संपवला. दुसरा भरून माझ्यापुढे धरला.

पाणी तिने घरच्या नळाचं घेतलं होतं, माझ्यासमोर. पण थर्मास कारखान्याने वाटलेला होता, त्यावर कारखान्याची निळी खूण होती. माझी नजर तिथे गेली आणि हात मांडीवरून उठेना.

"आभारी आहे, नेलिदा," मी म्हणालो.

एउदोसियाबाई चावता चावता थांबल्या.

"अहो सर, अजून ओठ नाही लावलेत," रुफिनो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"पोटात जरा… आम्लपित्त…"

एउदोसियाबाईंनी अर्धी खाल्लेली पोळी बशीत परत ठेवली. मग एकेकाला कामं आठवली. जाताना सगळे माझ्याशी फार अदबीने बोलले.

नेलिदाने तो तुंबा स्वतःच प्यायला, नळी खरखरेपर्यंत. मग पोळ्यांवर फडकं टाकलं.

"एक दे मला," मी म्हणालो. "खरंच दे. घेतो."

"घ्याल हो, मला ठाऊक आहे," ती तुंब्यातला पाला झाडाच्या मुळाशी झटकत म्हणाली. "पण सर, आता बघायला कोण आहे?"

कुंपणापलीकडून एउदोसियाबाई अजून जाताना दिसत होत्या. त्यांना हाक मारायला मी तोंड उघडलं. त्या वळणापर्यंत पोचल्या, वळल्या, दिसेनाशा झाल्या, आणि मी तसाच उभा होतो.