ओळीपुढची खूण

"अप्पा, अव्वाला मारताना तुम्ही दार का लावून घेता?"

भुवनेश्वरीने हे विचारलं तेव्हा चन्नवीरच्या हातात कडक भाकरीचा तुकडा होता. पैज तिच्या वर्गातल्या सोनमने लावली होती. शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन झाल्यापासून भुवीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं ती सांगत सुटली होती. मग स्वतःच्या बापाला विचारून दाखव की, असं सोनम सगळ्या पोरींसमोर म्हणाली. झालं. गॅसपाशी उभ्या असलेल्या अव्वाचा, म्हणजे आईचा, महादेवीचा हात कढईतच थांबला.

चन्नवीरने घास नीट चावून गिळला.

"लोकं बघत्यात की," तो म्हणाला. आणि ताट उचलून भिंतीवर आपटलं. शेंगाचटणी भुवीच्या गणवेशभर उडाली. तिने ती झटकली आणि दप्तर उचललं. उत्तर तर मिळालं होतं.

अक्कलकोट रोडला चन्नवीरचा टॉवेलचा कारखाना होता. व्यापाऱ्यांचे मेल घरच्या कॉम्प्युटरवर यायचे. स्वयंपाक उरकला की महादेवी ते वाचायची आणि कारखान्याला पुढे पाठवायची. नवऱ्याचं नाव, नवऱ्याची सही, काम तिचं. वीस वर्षं तिने हेच केलं होतं, आधी कागदावर, आता पडद्यावर. काम बरोबर झालं की कुणाला पत्ता नसायचा. चुकलं की दार लागायचं.

शनिवारी दुपारी कारखान्यातून चन्नवीरचा फोन आला. दोघी हितं या, एवढंच बोलून त्याने ठेवला.

कारखान्याच्या दारात टॉवेलांचे गठ्ठे परत येऊन पडले होते. सगळा माल दोन दोन इंच मोठा. यंत्रमागांचा खडखडाट एवढा होता की चन्नवीरला बायकोच्या कानाशी जाऊन ओरडावं लागत होतं. माप कुणी बदललं, हे तो विचारत होता. महादेवी म्हणत होती, आलं तसंच पुढं ढकललं, एक अक्षर बदललं नाही. सिद्धराम हा जॉबर, मागावर माप लावून देणारा. त्याने मेलचा छापलेला कागद आणून पुढे धरला. प्रत्येक ओळीच्या आधी एक खूण होती, बाणाच्या टोकासारखी. तीस इंच रुंदीच्या आधी होती. साठ इंच लांबीच्या आधी होती.

"मालक, पेक्षा मोठा म्हणून खूण हाय की ही," सिद्धराम म्हणाला. "माझ्या पोरीच्या गणितात हीच असती. तिसापेक्षा मोठा. म्हणून बत्तीस लावलं."

भुवीला ती खूण बघताक्षणी कळली. मेल पुढे पाठवताना प्रोग्रॅम ओळीओळीला लावतो ती, जुना मजकूर ओळखू यावा म्हणून. अव्वाने टाइप केलेली नाही, सिद्धराममामांनीही खोटं वाचलेलं नाही. ती सांगायला लागली. त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना.

चन्नवीरने रिकाम्या मागावरचा धोटा उचलला. हातभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड. पहिला घाव महादेवीच्या खांद्यावर बसला, दुसरा भुवईवर. ती गठ्ठ्यावर पडली आणि पांढऱ्या टॉवेलांवर रक्त पसरत गेलं. भुवीने बापाचं मनगट धरलं. त्याने कोपराने तिला हाणलं, तिच्या तोंडात रक्ताची चव आली. कामगारांच्या माना सुताकडे होत्या. हितं दार लावायची गरजच नव्हती. खडखडाट होताच की.

भुवी उठली, भिंतीशी धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत तिसरा घाव बसला. तो आवाज साऱ्या शेडने ऐकला, आणि महादेवीचं कण्हणंही. माना वर आल्या. चन्नवीरचा हात वरच्या वर राहिला. सिद्धराम पुढे आला आणि त्याने मालकाच्या मुठीतून धोटा सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ द्या मालक," तो म्हणाला.

दवाखान्यात पाच टाके पडले. जिन्यावरनं पाय घसरला, असं महादेवीने सांगितलं. आमच्या घराला जिना नाही, असं भुवीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून भुवीकडे बघितलं आणि त्या लिहीत राहिल्या.

घरी आल्यावर भुवीने कॉम्प्युटर लावला. मेलच्या सेटिंगमध्ये पुढे पाठवायच्या मजकुराचे पर्याय होते. गेल्या महिन्यात प्रोग्रॅम अपडेट झाला तेव्हा ओळीआधी खूण लावण्याचा पर्याय आपोआप निवडला गेला होता. तिने साधा मजकूर निवडला, एक मेल कारखान्याला पाठवून बघितला. ओळी स्वच्छ गेल्या. सुजलेल्या डोळ्याने महादेवी बघत होती.

"एवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली.

"एवढंच."

फाटक वाजलं तशी महादेवीने पट्टीवर पदर ओढला. चन्नवीर केळी घेऊन आला होता. त्याने ती टेबलावर ठेवली, पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि मान हलवली.

"झालं की नीट. आता चुकायचं न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे मलाबी हात उचलायला लागायचा न्हाय."

भुवीने कॉम्प्युटर बंद केला. ओठ सुजल्यामुळे तिला सावकाश बोलावं लागलं.

"अप्पा, अव्वा, दोघंबी ऐका. मी उद्या पोलीस चौकीत जाणार. आज काय झालं ते सगळं सांगणार."

"ब्याड," महादेवी कानडीत पुटपुटली. नको.

"तुला यायचं नसंल तर येऊ नको अव्वा," भुवी म्हणाली. "मी जाणार."