डाव्या काठची झाडं

पाण्यात कोपरापर्यंत हात घालून नॉर्बर्ट कोवाल्केनं झाडाच्या कापलेल्या टोकावरून तळवा फिरवला. काप ताजा होता. बोटं नाकाशी नेली तर सीडरचा तो गोडसर, पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखा वास आला. बुंधा काठावर साखळीनं बांधलेला तसाच होता, पण पाण्यात पसरलेला सगळा शेंडा, फांद्या, डहाळ्या, ज्यांच्या सावलीत मागच्या आठवड्यात त्यानं तीन चांगले ट्राउट मासे उभे असलेले पाहिले होते, ते सगळं गेलं होतं. खाली नितळ पाणी आणि वाळू.

"तिसरं," तो म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं.

छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी ओढत तो काठावर आला आणि तिथेच बसला. एवढ्या वर्षांत बेलरोज नदीनं त्याला पुष्कळ दमवलं होतं. सरकारी माणसं म्हणायची, बघू. बंगलेवाले म्हणायचे, आमच्या खिडकीतून नदी स्वच्छ दिसली पाहिजे. आणि आता हे. रागानं ओरडावं तर कुणावर, हेच कळत नव्हतं.

माशांना आडोसा म्हणून झाडं पाण्यात पाडण्याचा हा नाद त्याला लागला तो आजोबांमुळे. ऑगस्ट कोवाल्के याच नदीवर लाकूडतोडीला आला होता. उत्तर मिशिगनचा सगळा पाइन तेव्हा तोडून पाण्यात लोटायचे, आणि ओंडके अडू नयेत म्हणून नदीतलं पडकं झाड न् झाड सुरुंगानं उडवायचे. ते ऑगस्टचं काम. त्या वेळी नदीत ग्रेलिंग होता, पाठीवर शिडासारखा पर असलेला मासा, आणि तो इतका की पिंपं भरभरून शिकागोला जायचा. पाइन संपला, काठ उघडे पडले, वाळू वाहून आली, आडोसा गेला, पाणी तापलं. ग्रेलिंग गेला तो गेलाच. मग आगगाडीनं दुधाच्या कॅनमधून ट्राउटची पिल्लं आणून सोडली. ती जगली, पण बिचारी उघड्यावर संसार मांडल्यासारखी. आज्यानं काढलं ते आपण परत घालावं, असं नॉर्बर्टच्या मनानं घेतलं, आणि शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाल्यावर तर त्याला दुसरं कामच उरलं नाही.

आणि या कामात पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर होता तो लेलंड प्रूइट. लेलंड नदीवरचा वाटाड्या. लांबट, सपाट बुडाच्या नावेत शहरातल्या हौशी लोकांना पुढे बसवायचं, मागे उभं राहून लांब दांड्यानं नाव रेटायची आणि मासा कुठे आहे ते सांगायचं, हा त्याचा पन्नास वर्षांचा धंदा. पहिली वीस-पंचवीस झाडं दोघांनी मिळून पाडली. गेल्या दोन उन्हाळ्यांत मात्र लेलंडची पाठ धरली, आणि नॉर्बर्टनं मेव्हण्याला हाताशी घेऊन काम पुढे रेटलं.

तो उठला आणि ओल्या विजारीनिशीच ट्रक काढून थेट ड्यूई सोरेलच्या धक्क्यावर गेला.

सोरेलचा कॅनू, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या होड्या, भाड्यानं देण्याचा धंदा होता, आणि पाण्यातली झाडं त्या धंद्याच्या आड यायची. गिऱ्हाइकं सुटीची, हसरी, वल्ही उलटी धरणारी. त्यांच्यासमोरच नॉर्बर्ट त्याच्यावर तुटून पडला.

"लाज वाटत नाही तुला? वर्गात करवत धरायला मी शिकवलं, आणि तीच माझ्या झाडांवर चालवतोस?"

सोरेलनं हातातला दोर शांतपणे गुंडाळला. "मास्तर, आधी टॉवेल देऊ का? सगळा धक्का भिजवलात."

"तीन झाडं कापलीस तू!"

"मी?" सोरेल हसला, पण कान लाल झाले होते. "मला कापायचंच असतं ना, तर दिवसाढवळ्या यांत्रिक करवत घेऊन कापलं असतं. शिवाय तुम्हाला बोलावलं असतं कॉफी प्यायला. आणि कुठलं कापलं असतं सांगू? वळणावरचं, उजव्या हाताचं. दर रविवारी माझी दोन गिऱ्हाइकं तिथे उलटी होतात. ते आहे ना शाबूत? त्याला कुणी हात लावलाय?"

नॉर्बर्ट नुसता आणखी मोठ्यानं बोलला. जाताना एका बाईनं आपलं मूल जवळ ओढून घेतलं, ते त्याला दिसलं.

घरी व्हेर्नानं त्याच्यासमोर बटाट्याचं सूप ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की नवऱ्याचा राग सुपासारखाच असतो. आपोआप निवू द्यावा.

"लेलंडला विचार ना," ती शेवटी म्हणाली. "नदीवर कोण येतं-जातं, त्याला माहीत असेल."

"तो कुठे जातो आता नदीवर? गिऱ्हाइकं घेत नाही. पाठ म्हणे."

"तिरसट झालाय खरा. परवा दुकानात त्याच्या शेजारी उभी होते, हातभर अंतरावर. वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्यानं."

नॉर्बर्टचं लक्ष नव्हतं. यांत्रिक करवत नाही, हे सोरेल बरोबर बोलला होता. काप हाताच्या करवतीचा होता, सावकाश, थांबत थांबत केलेला. आणि जिथे खोडावर ताण नव्हता, नेमका तिथून. करवत पाण्यात अडकवून ठेवणाऱ्या पोरासोरांचं ते काम नव्हतं.

पुढचे चार-पाच दिवस तो पहाटे उठून डाव्या काठच्या चौथ्या झाडापाशी जाऊन बसला. डास चावले, गुडघे आखडले, आणि कुणी आलं नाही. रोज घरी येऊन तो व्हेर्नाशी उगाचच भांडला. टोस्ट जळका आहे. दार कुरकुरतं.

मग एका सकाळी धुक्यातून दांड्याचा आवाज आला. खडीवर लोखंडी टोक टेकल्याचा खट्ट, मग पाण्याची सळसळ, मग पुन्हा खट्ट. हा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता.

लेलंडची नाव हळूहळू आली, काठाला घासत, अगदी चाचपडल्यासारखी. झाडाच्या फांदीला नाक लागलं तशी थांबली. लेलंड कमरेइतक्या पाण्यात उतरला, खोडावरून हात फिरवत ताण कुठे आहे ते पाहिलं आणि करवत चालवायला लागला.

नॉर्बर्ट उठला. काय बोलायचं ते त्यानं कितीतरी रात्री घोकलं होतं, सोरेलसाठी. तो पाण्यात उतरला आणि सरळ लेलंडच्या डाव्या हाताकडून, उघड्या पाण्यातून चालत निघाला. लपला नाही. लपायचंच नव्हतं त्याला. लेलंडनं वर बघावं, चोरी पकडली गेल्याचं त्याच्या तोंडावर दिसावं, एवढंच हवं होतं. धुकं विरळ होतं. पंधरा पावलं, दहा पावलं. लेलंड करवत चालवत राहिला. पाच पावलांवर नॉर्बर्ट थांबला. पाण्याच्या खळखळाटात पावलांचा आवाज विरत होता, पण तो स्वतः तर त्याच्यासमोर खांबासारखा उभा होता.

"लेल."

लेलंड एवढा दचकला की करवत निसटली. मान वळवून नव्हे, तर गोठ्याचं दार फिरावं तसा सगळ्या अंगानं फिरला, उजवा डोळा समोर येईपर्यंत.

"कधी आलास?"

"आत्ताच. समोरून."

लेलंडनं पाण्यात वाकून करवत शोधली. बराच वेळ शोधली. ती डाव्या पायाशी होती. शेवटी नॉर्बर्टनंच उचलून त्याच्या हातात दिली.

"कॅनूवाली पोरं अडकतात रे यात," लेलंड करवतीकडे बघत म्हणाला. "एखाद दिवशी कुणीतरी बुडेल."

"सोरेलची भाषा बोलतोस."

"खोटं आहे का?"

नॉर्बर्ट नावेकडे बघत होता. दर वसंतात लेलंड ही नाव घासूनपुसून रंगवायचा, गिऱ्हाइकांनी बूट पुसून चढावं म्हणून भांडायचा. उजवी कड आरशासारखी होती. डाव्या कडेचा रंग पार खरवडून निघाला होता, एक फळी तडकली होती, तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलेला. खिळेसुद्धा वाकडे.

कापलेली सगळी गेल्या दोन उन्हाळ्यांतली झाडं. लेलंड बरोबर नसताना पाडलेली. तीही फक्त डाव्या काठची. बाकीची नदी त्याला पाठ होती.

राग कुठे गेला नव्हता. तो तसाच छातीत होता, फक्त त्याला आता जायला जागा उरली नव्हती, आणि ते जास्तच वाईट होतं.

"डॉक्टरकडे गेला होतास?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"पाठीसाठी."

लेलंडनं त्याच्याकडे एका बाजूनं पाहिलं. "गेलो होतो. एप्रिलमध्ये. म्हणाला, गेलं ते परत येत नाही."

"आणि दुसरी बाजू?"

"त्याचं सांगता येत नाही म्हणाला." करवत नावेत ठेवत तो म्हणाला, "तेव्हापासून नावेत कुणाला बसवलेलं नाही मी. एकटाच येतो. मलाच बुडवलं तर बुडवीन."

"नदी सोड की मग."

"हो. आणि करू काय? तुझ्यासारखा बायकोशी भांडू?"

नॉर्बर्टच्या तोंडून शिवी आली. मग तो नावेत चढला आणि गिऱ्हाईक बसतं त्या पुढच्या फळीवर बसला.

"सोरेलच्या धक्क्यापर्यंत सोड मला."

"तुझा ट्रक तर वर—"

"सोड म्हटलं ना. पाय भिजलेत माझे."

अर्धवट कापलेलं झाड मागे राहिलं. लेलंडनं दांडा टेकला, नाव प्रवाहात आली. नॉर्बर्ट कुरकुरायला लागला. आधी सरकारी माणसांवर, मग बंगलेवाल्यांवर, आणि मग झाडांवर.

"ते बघ, डाव्या हाताला येतंय, मागच्या वर्षीचं. मेव्हण्यानं किती पुढे पाडून ठेवलंय गाढवानं! अर्धी नदी अडवलीय. सांगत होतो, ऐकेल तर शपथ."

नाव उजवीकडे सरकली. झाडाच्या फांद्या नॉर्बर्टच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेल्या.

"पुढे खडक. त्याच्या मागे ते जुनं खोड, कुजलंय मेलं. तेही डावीकडेच. या काठाला धड असं काही नाहीच."

"किती बोलतोस," लेलंड म्हणाला. "मासे पळतील."

"पळतील कशाला? घरं बांधून दिलीत त्यांना. फुकट."

"गळ आहे खाली. पायाशी. तोंड बंद राहील तुझं."

नॉर्बर्टनं गळाची काठी उचलली, दोरीच्या टोकाला तितराच्या पिसापासून बनवलेली बारीक तपकिरी नकली माशी होती. लेलंडनं नाव दांड्यावर रोखून धरली. रागातला हात होता. पहिली फेक फांदीत अडकली, दुसरी नुसती आपटली. तिसऱ्यांदा माशी सीडरच्या शेंड्याजवळ अलगद पडली, एक वीतभर वाहिली आणि पाण्यानं तिला आत ओढलं.

"ब्राऊन ट्राउट," आवाजावरूनच लेलंड म्हणाला.

मासा झाडाखाली घुसायला बघत होता. नॉर्बर्टनं त्याला बाहेर काढलं, ओल्या हातात धरलं. पिवळ्या पोटावर तांबडे ठिपके, कडेला निळसर वर्तुळं. त्याचे कल्ले हलत होते.

"केवढा?" लेलंडनं विचारलं. मासा त्याच्या डाव्या बाजूला, तीन हातांवर होता.

"बरा आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "कोपरापासून मनगटापर्यंत. झाडाखालचाच." आणि त्यानं तो पाण्यात सोडला. मासा क्षणभर तळहातावरच थांबला, मग गेला.

मग बराच वेळ त्यानं फक्त झाडंच मोजली. प्रत्येकाला शिवी देत, ते नावेपाशी येण्याआधीच.

धक्क्यावर सकाळची गर्दी जमली होती. सोरेल पाण्याच्या कडेला उभा होता. दोघांना बघून त्यानं हात तोंडाशी नेऊन हाक मारली.

"काय मास्तर, सापडला का चोर?"

धक्क्यावरच्या पोरांनी माना वर केल्या. नॉर्बर्टच्या मागे दांडा पाण्यात थांबला. नाव नुसतीच वाहू लागली.

"सापडला," नॉर्बर्ट ओरडून म्हणाला. "मीच होतो."

"काय?"

"मीच कापली. चुकीची पाडली होती, मागच्याच महिन्यात कापून टाकली. आणि विसरलो. वय झालं आता. तुला नको ते बोललो मी, ड्यूई. चुकलं माझं."

सोरेल हसला, पोरंही हसली, आणि कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं. दुपारपर्यंत ही गोष्ट गावातल्या प्रत्येक टेबलावर जाणार, हे नॉर्बर्टला माहीत होतं. व्हेर्नापर्यंतसुद्धा. त्याचे कान तापले. त्यानं टोपी पुढे ओढली.

"उतरायचं होतं ना तुला इथे?" मागून लेलंडनं हळूच विचारलं.

"नाही."

दांडा पुन्हा तळाला लागला. धक्क्याच्या टोकावरून एका जोडप्याला नुकतंच कॅनूत बसवून पाण्यात ढकललं होतं. बाई उलट्या बाजूला वल्हवत होती आणि कॅनू आडवी होऊन वाहत येत होती.

"डावीकडून कॅनू येतेय," नॉर्बर्ट म्हणाला. या वेळी त्यात कुरकुर नव्हती. "लाल. दोघं आहेत."

"दिसतेय," लेलंड म्हणाला आणि मग त्यानं नाव उजवीकडे घेतली.