धाकूला गोड आवाज फुटला

मी बोलतोय, आणि तुमच्यासाठी मुद्दाम हळू बोलतोय. माझ्या नेहमीच्या वेगानं बोललो तर तुम्हाला वाटेल, शेजारच्या घरात कुणीतरी कढईत मोहरी टाकली. दर्शनाला मात्र त्यातला शब्दन् शब्द कळतो. तिनंच माझं नाव धाकू ठेवलं. चिपळूणकडे तिच्या वडिलांचे एक धाकू आजोबा होते. ते नाकात बोलायचे, सुसाट बोलायचे आणि समोरच्याला कळतंय की नाही याची फिकीर करायचे नाहीत. मीही तसाच.

जन्मानं मी एक साधा काळा लॅपटॉप. कुठं जन्मलो ते माझ्या पोटाखालच्या स्टिकरवर लिहिलंय म्हणे, पण ती बाजू कायम टेबलाकडे असते, मी ते कधी वाचलेलं नाही. मला मुलुंडला आणलं केयूरनं. हा संगणकाच्या कंपनीत नोकरीला. कामही माझ्यावर आणि जेवणही माझ्यावर. माझ्या बटणांखाली इतकी शेव साठली होती की एखाद्या भेळवाल्याचा दिवस निघाला असता. पुढे त्याला ऑफिसनं नवा लॅपटॉप दिला आणि मी कपाटावर गेलो, जयंतीकाकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, जुन्या साड्यांच्या गाठोड्याशेजारी. तिथं किती दिवस काढले कोण जाणे.

समोरच्या दारात राजारामकाका राहतात. महापालिकेच्या पाणीखात्यात आहेत. त्यांची मुलगी दर्शना बी.ए. झाली तेव्हा केयूरनं मला खाली उतरवलं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं. दर्शनाला जन्मापासून दिसत नाही. नावावरून कुणी काही बोलायच्या आत तीच बोलून टाकते, "हो, माहितीय. विनोद झालाय आधीच." तिनं मला सगळीकडून चाचपलं, एका बटणाखालून शेवेचा तुकडा काढला आणि विचारलं, "हा जेवून आलाय का?" त्याच दिवशी मला ती आवडली.

तिनं माझ्यात एक प्रोग्रॅम टाकला. पडद्यावर जे काही असेल ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी तिनं मला एक आवाज दिला. खडखडीत, यंत्राचा, नाकातला. मग त्याचा वेग वाढवत वाढवत मोहरी तडतडेपर्यंत नेला. पडदा तर ती बंदच ठेवायची. काळ्या पडद्यापुढे बसून ही मुलगी टकाटक टाइप करतेय हे बघून पाहुणे तिला हळूच सांगायचे, "अगं, तुझा कॉम्प्युटर बंद आहे." ती म्हणायची, "असू दे, बॅटरी वाचते."

तिची आई चंपाआई. हिला वाचायची भारी हौस, पण मोतीबिंदू वाढत चाललेला, पेपरातली बारीक अक्षरं आता तिला लागत नाहीत. ती कधी कधी कान देऊन माझ्याजवळ बसायची आणि वैतागून उठायची. "हा तुझा धाकू बोलतोय की भांडतोय?"

असं आमचं छान चाललं होतं. मग दसरा आला.

त्या सुमारास माझा पंखा घरघरायला लागला होता. दर्शना केयूरला म्हणाली, "परवा माझी परीक्षा आहे रे. आतली जरा धूळ काढून दे, मध्येच बंद नको पडायला." ही परीक्षा साधीसुधी नव्हती. मालाडच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी वाचून त्यांना उत्तरं लिहायची नोकरी होती. तिथल्या शुभा मॅडमनी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "आमच्याकडे स्पीड लागतो. तुम्हाला झेपेल?" दर्शना म्हणाली होती, "परीक्षा घ्या ना." त्याआधी दोन ठिकाणी तिला परीक्षेपर्यंतही कुणी जाऊ दिलं नव्हतं. कळवतो म्हणाले आणि कळवलंच नाही. त्यामुळे शनिवारी सकाळचा तो एक तास तिच्यासाठी सगळं काही होता.

धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून सकाळी दर्शनाच्या घरची तिघं पांढरे कपडे घालून विहारात गेली आणि मी केयूरकडे. तिथं जयंतीकाकूंनी पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडली होती. शिवणाची कात्री, मिक्सर, स्कूटरची किल्ली, केयूरचा लॅपटॉप आणि मी. मला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल आलं. केयूरनं मन लावून धूळ काढली. इथं थांबला असता तर हे आत्मवृत्त इथंच संपलं असतं.

पण माझ्या पडद्यावर सूचना होती. जुन्या सिस्टीमची मुदत संपत आली, नवी तयार आहे, आत्ता घालू का? केयूर म्हणाला, "आई, दसरा आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक. आजच घालून टाकतो. दर्शनाला सरप्राइज!"

"घाल की. शुभस्य शीघ्रम्," काकू म्हणाल्या.

एका हातानं श्रीखंड-पुरी, दुसऱ्या हातानं मी. दुपारपर्यंत नवी सिस्टीम बसली. तेवढ्यात काकू दिवाळीच्या साफसफाईवर आल्या. माळा झाडायचा, डबे घासायचे, जुनं ते सगळं काढायचं. केयूरलाही हुरूप आला. माझ्या पोटात जुन्या सिस्टीमचं एक भलंमोठं गाठोडं राहिलं होतं. परत मागे जायचं झालं तर लागतं म्हणून ते काही दिवस ठेवतात. केयूर म्हणाला, "कशाला अडगळ?" आणि काढून टाकलं. माझा नाकातला आवाज त्यातच होता.

मला काही दुखलं-बिखलं नाही. जाग आली आणि मी बोललो, "नमस्कार. आपलं स्वागत आहे."

अहाहा! काय आवाज होता! मऊ, माणसाचा, समारंभात सूत्रसंचालन करतात तसा. केयूर ओरडला, "झकास!" काकू हातातला झाडू टाकून आल्या. "अगंबाई, किती गोड बोलतो हा! आणि रंग बघ, गोल गोल कोपरे बघ. नवी नवरी दिसतेय." खोटं कशाला सांगू, मीही फुगलो. इतकी वर्षं 'भांडतोय की बोलतोय' ऐकलं होतं, आता कुणीतरी गोड म्हणत होतं.

संध्याकाळी केयूर मला मिरवत समोरच्या दारात घेऊन गेला. दर्शनानं मला उघडलं, बटणांवरची झेंडूची एक पाकळी काढून बाजूला ठेवली.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे."

तिचा हात तिथंच थांबला. "हा कोण?"

"धाकूच! नवी सिस्टीम घातली. कसा वाटतो?"

चंपाआई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, हा काय बोलतो ते मला कळलं! आज पहिल्यांदा कळलं!" राजारामकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. "केयूर, चालू पंप खोलायचा नसतो बाबा. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात."

दर्शनानं वेग वाढवला. थोडा, मग आणखी. माझा गोड आवाज पातळ वरणासारखा पसरला, शब्दात शब्द मिसळले. बटण दाबलं की मी बोलायच्या आधी क्षणभर विचार करत बसायचो, कारण या म्हाताऱ्या अंगाला नवी सिस्टीम म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिनं शेवटी वेग कमी केला, इतका कमी की तुम्हालाही कळला असता. तेव्हा कुठं शब्द सुटे झाले.

"एक तक्रार वाचायला याला एवढा वेळ लागला तर माझी अर्धी उत्तरंही होणार नाहीत," ती म्हणाली. "परवा परीक्षा आहे, केयूर."

"अगं, मागे जाता येतं. एक बटण दाबलं की..." तेवढ्यात त्याला गाठोडं आठवलं. "वाट लागली यार."

"मी तुला धूळ काढायला सांगितली होती." तिचा आवाज चढला नाही. "उद्या मी तुझ्या घरात येऊन सगळे डबे हलवले, तुझी जीभ काढून दुसरी बसवली आणि वर म्हटलं की किती छान दिसतंय, तर चालेल तुला?"

काका म्हणाले, "बाळा, मॅडमना सांगून तारीख पुढे घे."

"पुढे घेतली की म्हणतील, बघा, आत्तापासूनच कारणं सुरू. नाही बाबा. परवाच द्यायची."

मीही तिथंच होतो. गोड आवाज असून मला एक शब्द बोलावासा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुलक्षणाला फोन लावला. ही तिची अंधशाळेतली मैत्रीण, बोरिवलीला राहते. सगळं ऐकून सुलक्षणा आधी पोटभर हसली. "तुझा आवाज आहे ना माझ्याकडे, तोच तर वापरते मी! माझी सिस्टीम जुनीच आहे. मला कुणी सरप्राइज देत नाही, ते एक बरंय." दहा मिनिटांत आवाजाची फाइल आली.

पण ती बसवताना नव्या सिस्टीमनं परवानगीचा एक पडदा मध्ये आणला आणि त्या पडद्यावर मी मुका झालो. का ते मलाही माहीत नाही. केयूर रजा टाकून दारातच घुटमळत होता. "मी करू? दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावायचा नाही. इथं बस आणि वाच."

"काय वाचू?"

"जे दिसेल ते. आज तू धाकू."

केयूर बसला. "वरती एक निळी पट्टी आहे, तिच्या खाली..."

"रंग काय करू? काय लिहिलंय?"

"'आपण या अॅपला... आपल्या उपकरणात... बदल करण्याची...'"

"झोपलास का? भरभर वाच ना!"

तो भरभर वाचायला लागला आणि अडखळला. एक ओळ गाळली, तिनं पकडलं. "मध्ये काहीतरी होतं. गाळायचं नाही, धाकू गाळत नाही." एकामागून एक पडदे येत होते, ती बटणं दाबत होती, तो वाचत होता. जयंतीकाकू पाणी घेऊन आल्या तेव्हा लेकाचा घसा बसला होता. करायला गेला गणपती आणि झालं माकड, असं त्या म्हणाल्या आणि ग्लास त्याच्या हातात देऊन गेल्या.

"एवढं सगळं तू रोज ऐकतेस?" केयूरनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"रोज. आणि तुझ्यापेक्षा चौपट वेगानं."

ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "चुकलं गं माझं. विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं. पुढचं वाच."

मग शेवटचं बटण दाबलं गेलं आणि माझ्या नाकातून एकदम पडद्यावरचं सगळं तडतडत बाहेर पडलं. दर्शनानं दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि हसत सुटली. स्वयंपाकघरातून चंपाआई म्हणाली, "आला मेला परत!" आणि डोळे पुसत बाहेर आली.

शनिवारी घरूनच परीक्षा झाली. शुभा मॅडमनी फोन चालू ठेवायला सांगितला होता. जवळजवळ तासभर मी न थांबता वाचत होतो आणि ती उत्तरं लिहीत होती. नव्या सिस्टीमच्या ओझ्यानं अंग तापलं होतं, पण केयूरनं धूळ नीट काढली होती हेही खरं, पंखा टिकला. मध्येच शुभा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या लाइनवर सारखी खरखर येतेय. नेटवर्क जातंय का?"

"नाही मॅडम, माझा लॅपटॉप वाचून दाखवतोय मला."

"हे? हे तुम्हाला कळतं?"

"आत्ता वाचली ती घाटकोपरच्या आजींची तक्रार. मिक्सर दोनदा बदलून दिला, दोन्ही वेळा झाकण दुसऱ्याच मापाचं आलं. त्यांना मिक्सर नकोय, झाकण हवंय. आधीच्या दोन्ही उत्तरांत हे कुणी वाचलेलंच दिसत नाही."

मग मॅडम म्हणाल्या, "चालू ठेवा." तासाला पाच मिनिटं उरली असताना तिनं शेवटचं उत्तर पाठवलं. पुढच्या आठवड्यात नोकरीचं पत्र आलं आणि ते तिला मीच वाचून दाखवलं. काकांनी पुन्हा वाच म्हटलं. मी पुन्हा वाचलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, तरी तिसऱ्यांदा वाच म्हणाले.

आता तिच्याकडे कंपनीचा नवा लॅपटॉप आहे. माझा नाकातला आवाज तिनं त्यात नेला. माझ्यात तो गोड आवाज पुन्हा चालू केला, वेग कमी केला, पडदा चालू केला आणि मला चंपाआईच्या ओट्याजवळ ठेवलं. दुपारी आई मेथी निवडते आणि मी तिला पेपर वाचून दाखवतो. "हळू रे, कुणी मागे लागलंय का?" असं ती अजून म्हणते. मग मी आणखी हळू होतो. आतल्या खोलीतून माझाच जुना आवाज तडतडताना ऐकू येतो, तेव्हा मी वाचता वाचता थबकतो. मग आई म्हणते पुढचं वाच, आणि मी वाचतो.

माझं वय झालंय, नवी सिस्टीम मला फार दिवस पेलणार नाही. म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. कुणी तुमच्याकडे धूळ काढायला यंत्र दिलं, तर धूळ काढा. बाकीचं आधी विचारा.

परवा केयूर आला होता. हल्ली तो दारातूनच विचारतो, "हात लावू का?" दर्शनाचा नवा लॅपटॉप तडतडत होता. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे आता हा धाकू?"

"छे," दर्शना टाइप करता करता म्हणाली. "हा ऑफिसचा आहे. धाकू आईजवळ बसलाय."