तातेरावांची सुई

चतुराबाईच्या बैलाचं तोंड तातेरावांनी दोन्ही हातांनी उघडलं आणि जिभेवरचा पापुद्रा सुटून त्यांच्या बोटांना चिकटून आला. लाळेच्या तारा लोंबत होत्या, खुरांच्या बेचक्यात फोड आले होते. लाळ्या-खुरकूत. शंकाच नव्हती.

"ज्येष्ठात तुम्हीच टोचलं व्हतं ना याला?" चतुराबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तातेरावांना ते जास्त लागलं.

केदारखेड्यात जनावरांची मलमपट्टी आणि लसीकरण करता करता त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. गावातली गुरं ते शिंगांवरून ओळखायचे. आता सत्त्याण्णवच्या दसऱ्याला, ऐन ज्वारीच्या पेरणीत, टोचलेले बैलही बसले होते. तातेरावांनी सुईत नुसतं पाणी भरलं, असं रामकिसननं पारावर सांगून टाकलं. तातेराव भांडले नाहीत. भोकरदनहून लस आणताना थर्मासातला बर्फ विरघळला होता का, हेच ते आठवत राहिले. विरघळला नव्हता. तरी खात्री वाटेना.

भोकरदनच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी तो पापुद्रा औषधी पाण्याच्या बाटलीत घातला आणि स्वतः एस.टी.नं जाऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवला. परतल्यावर रोज गोठ्यागोठ्यात फिरून गुरांची तोंडं तुरटीच्या पाण्यानं धुतली. रामकिसनकडेही गेले. त्याचं न टोचलेलं वासरू दगावलं. टोचलेल्या दोन्ही गाई मात्र दहा दिवसांत चाऱ्याला लागल्या.

पौषात अहवाल आला. डॉक्टरांकडून तो नीट समजून घेऊन तातेराव तडक चतुराबाईकडे गेले.

"औषध बराबर व्हतं, चतुराबाई. सुईनं रगतात रोगाशी लढणारं बळ तयार झाल्तं. पण औंदा रोगानंच रूप बदललं. त्या बळाला तो अर्धाच वळखू आला."

"म्हणून माझा बैल वाचला?"

"हां. आजारी पडला, पण वाचला."

"मंग एवढे दिवस तुम्ही उगाच झुरून राह्यले," ती म्हणाली आणि चुलीवर चहा ठेवायला उठली.

पुढच्या ज्येष्ठात रोगाच्या नव्या रूपाशी जुळणारी लस आली. टोचण्याआधी तातेरावांनी सगळ्यांना सांगितलं, की रोग पुन्हा बदलू शकतो, पुन्हा पुन्हा टोचावं लागेल आणि पक्की हमी कुणालाच देता येणार नाही. ते ऐकून कुणी माघारी गेलं नाही. माणसं दावी धरून उन्हात उभी राहिली.

रामकिसननंही गाई टोचून घेतल्या. मागचा विषय त्यानं काढला नाही. काम उरकल्यावर मात्र तो तातेरावांना जेवायला घेऊन गेला. आजवर त्या घरी तातेरावांना जो काही चहा मिळाला, तो बाहेर ओट्यावरच. आज रामकिसननं आत, आपल्या पाटाशेजारी त्यांचा पाट मांडला.

तातेराव सावकाश जेवले. वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.