बरणीतला श्वास

कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यामागे पत्र्याचं शेड होतं. शनिवारी तिथं इतकी गर्दी व्हायची की वाशीमकडून येणारे ट्रकवाले गाडी बाजूला लावून विचारायचे, "काय हाय? लगन का मयत?"

दोन्ही नव्हतं. जाळीमहाराज मेलेल्या माणसांना श्वास घ्यायला लावत होते.

महाराजांपुढे काचेची बरणी असायची. तिच्यात काळं, चपटं झुडूप उभं. पान नाही, फूल नाही. नुसत्या बारीक काड्या एकमेकींत गुंतून जाळी झालेली, आणि त्यांच्यावर पांढरट खरपुडी.

"हे इंद्रजाल!" महाराज ओरडायचे. "हिमालयात बर्फाखाली हजार वर्षांतून एकदा उगवणारी मुळी! ज्याचा जीव तडफडत गेला, त्याचा आत्मा हिच्यात सापडतो. घ्या नाव आपल्या माणसाचं!"

हजार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या त्या मुळीची खोकी शेडच्या कोपऱ्यात पत्र्यापर्यंत रचलेली होती. तिकडे कुणी बघत नसे. सगळे बरणीकडे बघत. महाराज बाटलीतलं तीर्थ आत ओतत. केवड्याचा वास सुटे. क्षणभर काही नाही, आणि मग काडीकाडीतून बारीक बुडबुडे निघून सरसर वर चढत.

"श्वास घेऊन राहिला! बघा, श्वास घेऊन राहिला तुमचा माणूस!"

बाया रडायला लागत. पुरुष टोप्या काढत.

त्या गर्दीत एका शनिवारी पुसेगावचे उकंडराव उभे होते. त्यांची बायको नर्मदाबाई दिवाळीच्या आधी दम्याने गेली होती. शेवटची रात्र ती बसूनच होती. श्वास आत ओढायची, तो पुरायचा नाही, पुन्हा ओढायची. उकंडराव मागून पाठ धरून होते. त्या रात्रीपासून त्यांना घरात दुसरा आवाज ऐकू येत नव्हता.

त्यांनी नाव घेतलं, "नर्मदा." बरणीत बुडबुडे उठले. उकंडरावांनी बरणीला कान लावला.

महाराजांनी पैसे घेऊन बरणी आणि तीर्थाच्या बाटल्या घरी नेऊ दिल्या आणि नियम सांगितले. बरणी एकटी सोडायची नाही. दार-खिडकी उघडायची नाही, वारा लागला तर श्वास तुटेल. बुडबुडे कमी झाले की जुनं पाणी टाकून नवं तीर्थ घालायचं. आणि ते तीर्थ जित्या माणसानं चुकूनही प्यायचं नाही.

उकंडराव घरात कोंडले गेले. हळद काढायला आली, ते शेतात गेले नाहीत. पुतण्या दाराबाहेरून हाका मारून गेला. शेजारीण भाकरी उंबऱ्यावर ठेवून जाई. आत उकाडा, अंधार आणि केवड्याचा वास. बरणीपाशी अंथरूण टाकून ते झोपत, आणि बुडबुडे थांबले की काय, म्हणून दचकून उठत. तीर्थ घालताना हातावर सांडायचं. बोटांची सालपटं निघाली. त्यांना वाटलं, तिनं एवढं सोसलं, आपण एवढंही सोसू नये का?

पण बुडबुडे कमी होत चालले. काड्यांवरची खरपुडी जात होती, काड्या गुळगुळीत काळ्या पडत होत्या. त्यांनी महाराजांना फोन लावला.

"गुदमरून राहिली ती," महाराज म्हणाले. "जाळं जुनं झालं. येत्या शनिवारी नवं घेऊन जा. तोवर तीर्थ घालत राहा. थांबलात तर दुसऱ्यांदा जाईल."

दुसऱ्यांदा. उकंडराव त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

त्यांची लेक वैष्णवी मालवणला पोस्टात नोकरीला होती. पुतण्यानं तिला कळवलं. ती आली तेव्हा भर दुपार होती.

"आबा, दार उघडा."

"एकटीच हायेस का? पटकन आत ये. दार लाव आधी!"

आत येऊन ती खोकलीच. "हा कसला वास? आबा, हात काय करून घेतलेत?"

"हळू बोल. तुझी माय हाय इथं."

वैष्णवीनं बरणीकडे पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. मग खाली बसली.

"आबा, हे तुमाला कुणी दिलं? ही मुळी न्हाई. हा समुद्रातला जीव हाय. मी रविवारी पाण्यात उतरते, तवा ह्यालाच बघायला उतरते."

उकंडरावांना ते अर्धवट ठाऊक होतं. पोस्टातली लेक सुट्टीच्या दिवशी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारते. सोबत आणखी तिच्यासारखेच हौसेनं आलेले लोक. तळाच्या प्रवाळांत अडकलेली मासेमारीची फाटकी जाळी कापून काढायची, तिथल्या जिवांचे फोटो काढायचे, आणि ते शाळांत जाऊन पोरांना दाखवायचे. पगार नाही, काही नाही. नर्मदाबाई म्हणायची, "येडी हाय पोरगी, पण फोटो लई गोड आणते."

वैष्णवीनं मोबाइल पुढे केला. निळसर पाण्यात खडकावर तीच जाळी उभी होती, पण जांभळी. प्रत्येक काडीवर इवली पांढरी फुलं, उघडमीट करणारी. जाळीत एक चिमुकला मासा लपलेला.

"समुद्रपंखा म्हणतात ह्याला. ती फुलं न्हाईत, तोंडं हायेत त्याची. खडकावरनं तोडून वाळवतात आन् इकडं मुळी म्हणून विकतात. वाघाच्या कातड्यासारखं हे विकणंबी गुन्हा हाय."

"मंग हे बुडबुडे?"

"बुडबुडे ह्याच्यातून कधीच निघत न्हाईत, आबा. जिता असतानाबी न्हाई. तिथं खाली फक्त माझ्या श्वासाचे बुडबुडे असतात."

"म्हणजे हा श्वास तिचा न्हाई?" त्यांचा आवाज चढला. "मी डोळ्यानं बघून राहिलो, आन् तू मला शिकवून राहिली!"

वैष्णवीनं बाटलीचा वास घ्यायला हात पुढे केला. उकंडरावांनी बाटली हिसकावली. तिचं बूच उडालं आणि तीर्थ शहाबादी फरशीवर सांडलं.

फरशी फसफसली. बुडबुडे उठले, बरणीतल्यापेक्षा जास्त.

उकंडराव गुडघ्यांवर आले. "निघाली... बाहेर निघाली ती. पाय देऊ नको! वैष्णवी, इथं पाय देऊ नको!" सांडलेल्या तीर्थाभोवती हातांचं कोंडाळं करून ते वाकले.

वैष्णवीला रडू फुटलं. तरी ती उठली. स्वयंपाकघरातून अंडं फोडून टरफल आणलं, वाटीत ठेवलं, वर उरलेलं तीर्थ ओतलं. टरफल फसफसलं. मग तिनं ओल्या फडक्यानं फरशी पुसली, बरणीतली एक काळी, खरपुडी गेलेली काडी मोडली आणि दुसऱ्या वाटीत तेच तीर्थ घातलं. एकही बुडबुडा आला नाही.

"फरशीत चुना असतो, टरफलात असतो, ह्या जिवाच्या खरपुडीतबी तसलाच असतो. चुन्यावर ॲसिड पडलं की वायू सुटतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. हे फरशी धुवायचं ॲसिड हाय, पाणी घातलेलं. वर केवडा. खरपुडी संपली की बुडबुडे संपतात." तिनं बापाची सोललेली बोटं हातात घेतली. "माय फरशीत हाय का, आबा? अंड्यात हाय का?"

उकंडरावांनी दोन्ही वाट्या जवळ ओढून बघितल्या. मग त्यांनी स्वतः नवी टरफलं आणली. नाव न घेता तीर्थ ओतलं. फसफसलं. "नर्मदा" म्हणून ओतलं. तेवढंच फसफसलं. महाराजांचं नाव घेऊन ओतलं, तरी तेवढंच.

तेव्हा ते हुंदका देऊन रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदा. रडणं ओसरल्यावर उठून त्यांनी खिडकी उघडली.

शनिवारी ते वैष्णवीला घेऊन शेडमध्ये गेले. हातात फरशीचा तुकडा.

"महाराज, ह्याच्यावर ओता."

"दगडावर तीर्थ? घोर अपमान!"

"बरं, मंग घोटभर प्या. तीर्थच हाय ना?"

"आज माझं मौन आहे."

"मंग आत्ता कोण बोलून राहिलं?" मागून एक ट्रकवाला म्हणाला. हशा उसळला. उकंडरावांनी स्वतःच तीर्थ ओतलं. फरशी फसफसताना सगळ्यांनी पाहिली. वैष्णवीनं टरफलं वाटली आणि ॲसिडचं, समुद्रपंख्याचं सगळं सांगितलं. महाराज खोक्यांमागून सटकायला निघाले, पण ढाबेवाल्यानं दार अडवलं आणि वनखात्याला फोन लावला.

गर्दी पांगली. केशरबाई नावाची एक म्हातारी तेवढी बसून राहिली, पदराखाली बरणी धरून. विहिरीत बुडून गेलेला तिचा मुलगा त्या बरणीत होता.

"मंग माझं लेकरू कुठं हाय, भाऊ?" तिनं विचारलं.

उकंडराव तिच्याशेजारी खाली बसले. "ते मला न्हाई ठाव, बाई. पण बरणीत न्हाई. ते गुदमरून राहिलं न्हाई. त्याची तकलीफ त्याच दिवशी संपली. आपली चालू हाय."

"खरं कशावरनं?"

"माझ्यावर भरवसा ठेवू नका. महाराजावर ठेवला तेवढा पुरे झाला." त्यांनी एक टरफल तिच्या हातावर ठेवलं. "घरी जा. आधी दार-खिडकी उघडा. मंग ह्याच्यावर तीर्थ ओता, आन् आपल्या डोळ्यानं बघा."