सुताचा दोर

बंडोपंतांना हिमनदी तोंडपाठ होती, फक्त त्यांनी ती पाहिलेली नव्हती. वर्ध्याच्या बुनियादी शाळेत ते भूगोल शिकवायचे. वर्ध्यात बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी लादी, आणि तिचंही दुपारपर्यंत पाणी. तरी हा गृहस्थ दरवर्षी फळ्यावर हिमनदी काढायचा, तिच्या भेगा दाखवायचा, आणि पोरं घाम पुसत ऐकायची. शेवटी सन छप्पनच्या उन्हाळी सुटीत त्यांनी गढवालातल्या एका शिखरावर जायचं ठरवलं. त्या शिखराला नावसुद्धा नव्हतं, नकाशात नुसता आकडा होता.

सोबतीला दोघे तयार झाले. एक त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ कृष्णकांत, कचेरीतला कारकून. पोरं त्याला मामाच म्हणायची. दुसरा शाळेचा शिपाई टिकाराम, सेलूकडचा, चालायला लागला की न थकणारा. एप्रिलच्या उन्हात हे तिघे लोकरीचे कोट घालून टेकडीवर चढउतार करायचे, तेव्हा सगळा गाव त्यांची फिरकी घ्यायचा.

दोर मात्र शाळेचा होता. सूतकताईच्या तासाला पोरांनी वर्षभर टकळीवर सूत काढलं होतं आणि बंडोपंतांनी टिकारामला हाताशी धरून त्याचा जाड तिपेडी दोर वळला होता. आमचं सूत शिखराला लागलं पाहिजे, असं पोरांनी बजावलं आणि बंडोपंतांनी भर वर्गात शब्द दिला. दोर विहिरीवर ओला करून ताणला, कडुनिंबाला बांधून दोघे-दोघे लोंबकळले. दोर हूं की चूं करेना. गोठवून तेवढा कुणी पाहिला नाही. वर्ध्यात गोठवणार तरी कुठं?

पहाडात गेल्यावर बंडोपंतांचं भाग्य उजळलं. फळ्यावरची हिमनदी पायाखाली आली. तिघे कमरेला दोर बांधून भेगा चुकवत निघाले. पुढे बंडोपंत, मध्ये कृष्णकांत, मागे टिकाराम. बंडोपंत वाटेत या दोघांनाच भूगोल शिकवत होते. ऊन चढलं तसा दोर बर्फातून ओढत ओढत चिंब भिजला. मग ढग आले, वारा सुटला, आणि बघता बघता दोराची लाठी झाली.

भेगांचा पट्टा ओलांडून ते शेवटच्या उतारापाशी पोचले तेव्हा कृष्णकांत मटकन बसला. त्याला ओकारी झाली, डोकं फुटायची वेळ आली. समोर शिखर स्वच्छ दिसत होतं, आणि तिथवर नुसता मऊ बर्फाचा उतार होता, भेग एकही नाही. बंडोपंतांनी लगेच हिशेब मांडला. टिकारामनं कृष्णकांतला खाली न्यायचं, आपण एकट्यानं वर जाऊन यायचं. टिकारामनं बराच वेळ गाठींशी झटापट केली.

"गाठ सुटून नाई राह्यली, गुरुजी. शेकल्याबिगर हे सुटत नाई."

शेकायला काडी नव्हती. चाकू होता. बंडोपंतांनी तो उघडला आणि कमरेपुढचा दोर हातात धरला. पोरांचं सूत तोडायचं जिवावर येत होतं, पण तुटलेला का होईना, दोर वरपर्यंत नेता आला असता. फळ्यापुढे काढलेली सगळी वर्षं त्या उतारावर होती. त्यांनी चाकू टेकवला. कडक दोर हातातून सटकायला लागला.

कृष्णकांतनं ते पाहिलं. तो बसल्या जागी वळला, दोन्ही हातांनी दोर पकडला आणि पाय रोवून आपल्याकडे ताणून धरला, चाकू नीट चालावा म्हणून. त्याचे ओठ निळे पडले होते.

"तोडा न भाऊजी," तो म्हणाला. "काऊन थांबले? मी जातो टिकारामसंग."

बंडोपंतांचा हात चालेना. त्यांनी चाकू मिटला आणि दोघांना खालची वाट धरायला सांगितलं.

उतरताना काहीच झालं नाही. कुणी घसरलं नाही, एकही भेग फसवी निघाली नाही. दोर नसता तरी तिघे सुखरूप पोचले असते, आणि हेच बंडोपंतांना फार लागलं. तळावर शेकोटीपुढे गाठी आपसूक सैल झाल्या. ते शिखराकडे पाठ करून बसले आणि पोरासारखे रडले. कृष्णकांतनं शहाण्यासारखं झोपेचं सोंग घेतलं.

शाळा उघडली. वर्गात दोर मधोमध ठेवला आणि बंडोपंतांनी घडलं ते सरळ सांगून टाकलं: वर पोचलो नाही, पोचायचं तर दोर तोडावा लागत होता. वर्ग हिरमुसला. मग भागीरथा उभी राहिली. सगळ्यांत बारीक सूत तिचं असायचं.

"मंग तोडाचा होता न, गुरुजी," ती म्हणाली. "आमी दुसरं सूत कातून देल्लं असतं."

बंडोपंतांनी दोर उचलून तिच्या हातात दिला, दुसरं टोक स्वतः धरलं आणि तिला ताणायला सांगितलं. तिनं जोर लावून ताणला.

"तिकडं तुझ्या जागी मामा होते," ते म्हणाले. "आता सांग, कुठं तोडू?"

भागीरथा दोराकडे पाहत राहिली. तिनं तो सोडला मात्र नाही.